जळक्या टेलरचा पत्ता

बोरी,
११ नोव्हेंबर १९७९

सिताराममामा आन मामी,

जयभीम. मी बरा हाय. पूर्णेत तुमी बरे असाल. मामीचा खोकला कमी झाला का? वस्तीतल्या सरजामावशीकडं बसून लिहायलोय. अक्षर वाकडं आलंय. कशानं ते पुढं येईल.

तुमी म्हणालात, गावातलं दुकान परत उघडायचंय, 'न्यू समता टेलर' असा बोर्ड रंगव. मी म्हणालो, आधी बघून येतो. कॉलेज करता करता परभणीत ज्या पेंटरकडं ब्रश धरला, त्याची ही रीतच हाय. डबा उघडायच्या आधी परक्यासारखं यष्टीतून उतरायचं, लोकाला विचारत दुकान गाठायचं. लोक कोणतं नाव घेतात, कुठं चुकतात, दारात गेल्यावर काय दिसतं. मग बाण कुठं काढायचा ते कळतं. मी पूर्णेत वाढलेला, गावात मला कोण वळखतंय?

परवा उतरलो. "न्यू समता टेलर कुठं हाय?" कोणालाच माहीत न्हाई. "सिताराम टेलर?" एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. बांगड्यावाली चांगुणाबाई म्हणाली, "जळक्या टेलरचं विचारायलास का बाबा? मग तसं विचार की."

मामा, गावात आता हेच नाव हाय.

हाटेलातून एक जण उठला. पंडित. माझ्याच वयाचा. "चला, दावतो. पाव्हणं कुठलं?" म्हणलं परभणीचा, शर्ट शिवायचाय. "आता कुठं शिवतोय तो. आधी चहा घ्या." चहा त्यानंच पाजला. लय बोलका. मला आवडला, खोटं कशाला लिहू.

पारापासून उजवीकडं, गिरणीवरून, मग आपली वस्ती. पहिला बाण पारावर, दुसरा गिरणीच्या भिंतीवर, असं मनात टिपत चाललो. दुकानाला दार न्हाई, पत्रे लोकांनी नेलेत. मशीनचं लोखंड तेवढं उभं. राखेत एरंड उगवलाय.

पंडितनं पायानं राख उकरली. कोळशाची इस्तरी निघाली. "हिच्यानंच."

"हिच्यानं काय?"

"विद्यापीठाच्या नामांतराच्या अर्जावर सही केली होती टेलरनं. इचारलं, कोणत्या हातानं? मग दोघांनी धरला, मी इस्तरी ठेवली. निखारे त्याचेच. वास असा सुटला, आमचा माणिकराव वकत पळाला." आन हसला. आठवण सांगताना माणूस हसतो तसा.

तुमी आमाला सांगितलंत, पळताना पडलो, हात निखाऱ्यात गेला. मामीनं पण तेच सांगितलं.

"बघू," म्हणून इस्तरी मागितली. त्यानं दिली. पहिला घाव तोंडावर बसला, दात वाजले. "पाव्हणं, काय झालं?" म्हणाला. खरंच तसं म्हणाला. मग त्याचा उजवा हात मशीनच्या लोखंडावर दाबला आन मारत राहिलो. बोटं मऊ पडली तरी मारत राहिलो. मी टेलरचा भाचा हाय, हे सांगायचं सुचलं तवा त्याला ऐकायला येत नव्हतं.

श्वास चालू होता. निघालो. गिरणीपाशी पाय थांबले. तिथं पडून मेला असता, त्या दुकानाकडं कोण फिरकतंय? पिशवीतला लाल डबा उघडला. भिंतीवर बाण काढला, खाली लिहिलं, सिताराम टेलर. पारावर दुसरा. हाटेलात म्हणलं, "पंडित पडलाय, बाणानं जा."

सगळे पळाले. एकबी चुकला न्हाई. सव्वा वर्षानं दुकानात गिऱ्हाईक आलं, मामा.

पंडित जिता हाय, दवाखान्यात हाय. पण तेच बाण धरून लोक परत आले, वस्तीवर दगड पडले. वस्तीतल्या सगुणाबाईचं डोकं फुटलं. तिनं माझं काय वाईट केलं होतं? नाव मीच लिहून ठेवलं होतं भिंतीवर, ठळक.

उद्या ठाण्यात जातो. का मारलंस म्हणून विचारतील. माझ्या तोंडून आलं तर मामासाठी रचलंय म्हणतील. पंडित तर आता कबूल करत न्हाई. तुमी या. हाताला गुंडाळलेला पंचा घरी ठेवून या. गेल्या साली जेवताना तो सुटला होता. हातावर टोकदार, तिकोनी डाग दिसला होता मला. मामीनं वाढता वाढता पदर टाकला त्याच्यावर, आन मी वरण मागितलं.

मामीला म्हणावं, आता झाकू नका.

तुमच्या त्या हाताची वाट बघणारा,
भाचा नागनाथ