कप्तानाच्या सात पिढ्या

अत-बाशी, मंगळवार

चि. एसेनकुल यास,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझी जनावरं आणि तुझा तो खोकणारा ट्रॅक्टर ठीक असतील असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण माझं डोकं फिरल्याची बातमी माझ्या सुनेने गावभर केली आहे. आठ दिवसांसाठी आली आणि पहिल्याच दिवशी माझा फोन चाळून बसली. (म्हणून हे कागदावर.) त्यात एका कप्तानाचे निरोप सापडले, तसा तिने माझ्या लेकाला, मिर्बेकला फोन लावला. तो शुक्रवारी येतोय. माझा फोन काढून घेणार आणि मला बिश्केकला त्याच्या नवव्या मजल्यावर नेऊन ठेवणार म्हणे. मी जाणार नाही. चौतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलाय, कुठे राहायचं ते मला कळतं.

आता खरं काय घडलं ते माझ्याकडून ऐक. हिवाळ्यात या आर्सेन कप्तानाने फोनवर ओळख काढली. पांढरा गणवेश, करड्या मिशा, विधुर, जर्मनीत वाढलेला किरगिझ. (नमस्कार करणाऱ्याला उत्तर न देणं आपल्याला कोणी शिकवलं नाही, म्हणून मी दिलं.) तिसऱ्या दिवशी त्याचं माझ्यावर प्रेम बसलं, पाचव्या दिवशी मागणी घातली. तोंड दाखव म्हटलं की कॅमेरा बिघडलेला. जहाज कुठे आहे विचारलं, तर म्हणे ऑस्ट्रियाच्या किनाऱ्याला. ऑस्ट्रियाला समुद्रच नाही. एवढ्यासाठी मी चौथीतल्या पोराला बाकावर उभं केलं असतं, पण याला म्हटलं, थकला असेल बिचारा. मग त्याने माझ्या नावाने सोन्याची पेटी धाडली आणि ती जकातीत अडकली. सोडवायला पैसे पाठव, आणि घरात कोणाला बोलू नकोस, असं बजावलं. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

तेव्हा आईने उंबऱ्यातच विचारलं असतं ते मी विचारलं. तुझ्या सात पिढ्यांच्या बापांची नावं सांग. दोन दिवस गेले. मग यादी आली. पहिलं नाव कादिर. एसेनकुल, ते आपले वडील. दुसरे आपले आजोबा. सातही आपलेच, अगदी शेवटच्या मेंढीचोर तुर्दुकेसकट. ती यादी तू गेल्या वर्षी इंटरनेटवर आपल्या फोटोखाली साऱ्या जगासाठी टांगून ठेवली होतीस, तीच त्याने उचलली. (तुला बोल लावत नाही. लावतेच आहे.)

मी त्याला कळवलं, अरे, तू तर माझा सख्खा भाऊ निघालास. सात पिढ्यांत लग्न चालत नाही, आपलं पहिल्याच पिढीत अडलं. पण सापडलास ते बरं झालं, वडिलांच्या कबरीचं कुंपण गंजलंय. रविवारी ये, रंग मी आणते, ब्रश तू आण. तो म्हणाला, ताई, येतो, पण आधी पेटी सोडव. मी म्हटलं, आधी कुंपण. चार दिवस हेच चाललं. शेवटी मला दगडाच्या काळजाची म्हातारी म्हणाला आणि नाहीसा झाला. पैशाचं म्हणशील तर माझ्या बटव्यातला एक सोमही गेलेला नाही, हे विचारेल त्याला ठणकावून सांग.

कोणाच्या बापाला न घाबरणारी,
तुझी बात्मा

ता. क. बटव्यातला गेला नाही, हे खरंच. तपकिरी घोडी मात्र गेली, रविवारच्या बाजारात विकून. या पेटीच्या आधी आणखी एक पेटी अडकली होती, ती सोडवायला. तेव्हा पिढ्या विचारायचं सुचलं नव्हतं. मिर्बेक आल्या आल्या घोडी शोधेल आणि मग माझं बिश्केक काही चुकत नाही. तुझी तपकिरी घोडी दहा दिवस माझ्या अंगणात आणून बांध. माझीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, तो मी खडूने काढीन.

आणखी एक. फोनवर तुझ्या प्रेमात पडलेल्या अंकाराच्या त्या डॉक्टरणीचं पत्र तू सालकिनच्या लग्नात सगळ्यांना वाचून दाखवलंस, ते माझ्याही फोनमध्ये आहे, कप्तानाकडून आलेलं. शब्दाला शब्द. तुझ्यात 'माझ्या सिंहा' आहे तिथे माझ्यात 'माझ्या राणी', एवढाच फरक. तिथेच सांगायला हवं होतं, पण मला लाज वाटली. हे सगळं लांबण त्यासाठीच लावलं. तिच्या तिकिटासाठी तू घोडी विकायला काढलीस असं ऐकते. विकू नकोस. आणि विकून झाली असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस, शुक्रवारच्या आत इकडे ये. मिर्बेकला काय बोलायचंय ते आपल्या दोघांना शेजारी बसवून बोलू दे. मी एकटी ऐकून घेणार नाही.