वास नसलेलं तेल

प्रिय ताई,

पत्र बघून तुला आधी धसकाच बसेल, कारण फोनवरसुद्धा मी चार शब्दांच्या वर बोलत नाही. काळजी करू नकोस, आई बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, माझ्यावर ओरडते. पण हे फोनवर सांगायला गेलो असतो तर मी मध्येच रडलो असतो, आणि तू मला जन्मभर त्यावरून चिडवलं असतंस.

दुकानात बंदुका-चाकूंना लावायचं नवीन तेल आलंय. विक्रेता वापरून बघा म्हणून फुकट बाटली ठेवून गेला. हेच साफ करतं, हेच वंगण घालतं, गंजही धरू देत नाही म्हणे. चहा करतं एवढंच सांगायचं राहिलं होतं. असल्या बोलघेवड्यांना बाबा दारातूनच वाटेला लावायचे, पण बाबांचं ते काळपट तेल बनवणारा कारखाना आता बंद झालाय. डब्याच्या तळाशी होतं तेवढंच उरलेलं. म्हटलं, आज ना उद्या बदलावं लागणारच, तर नीट पारखून घेऊ.

आणि पारखायचं तर बाबांच्या पद्धतीनं. जुन्या तेलाचा अंश राहिला तर नव्याचा गुण कळत नाही, हे त्यांनी आपल्या दोघांच्या डोक्यात ठोकून बसवलंय. बँकेच्या रखवालदाराची दुनळी बंदूक दुरुस्तीला आली होती. नळ्या रिकाम्या आहेत ना ते दोनदा पाहिलं, सगळे भाग सुटे केले, रॉकेलनं धुतले. मग घडीचे चाकू काढले आणि सांध्यांत बसलेली घाण काडीनं कोरून काढली. हात काळे झालेच होते, म्हणून टेबल घासलं, खण धुतले, चिंध्यांचं गाठोडं जाळलं आणि तो डबा तळातल्या तेलासकट भंगारवाल्याला दिला. बाबा उगाच मला धांदल्या म्हणायचे असं वाटलं, इतकं दुकान लखलखत होतं.

तेल चांगलं आहे, ताई. खोटं कशाला बोलू? नळीतली काजळी एका फडक्यात निघाली. जो चाकू उघडायला दोन्ही अंगठे लागायचे, तो एका अंगठ्यानं उघडतो. फक्त पातं अडकवणाऱ्या पट्टीला लागलं तर पुसून घ्यावं लागतं. मी पुसलं नाही, पातं निसटलं आणि बोट कापून घेतलं. शिवाय या तेलाला वास नाही. रखवालदार तर फारच खूश झाला. एरवी बंदूक साफ करून नेली की बायको त्याला आंघोळ केल्याशिवाय ताटावर बसू देत नसे.

आईचं मात्र मी तुला सगळं सांगितलेलं नाही. तिला दिसत नाही हे तुला ठाऊक आहे. रोज सकाळी मी तिला खाली दुकानात आणून टेबलाजवळच्या खुर्चीत बसवायचो, आणि ती बाबांशी बोलायची. ते जाऊन इतकी वर्षं झाली हे आधी मी समजावून सांगायचो, मग सोडून दिलं. चष्मा लावलात का म्हणून ती विचारायची, मी नुसतं हं करायचो, की ती खुशाल चिंध्यांच्या घड्या घालायला लागायची. माझा आवाज बाबांसारखा आहे असं सगळे म्हणतात ना, मला वाटायचं त्या हंवरच तिचं निभावतंय. थोडा गर्वही होता त्याचा.

सगळं धुऊन काढलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती खुर्चीत बसली. मला कुठे आणलंस म्हणाली. आपलं दुकान आहे म्हटलं. तिनं टेबल चाचपलं, फडकं नाकाशी धरलं, आणि ते कुठे गेले असं विचारलं. मी हं केलं. ती म्हणाली, तू नाही रे, ते. मग मला सांगावं लागलं. ताई, तिनं ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. इतकी रडली की मला दुकानाचं दार लावून घ्यावं लागलं. आता खाली यायचं नाव काढत नाही. वर खिडकीशी बसते आणि अजून कसे आले नाहीत म्हणून विचारत राहते. रोज काय सांगायचं तेच मला कळत नाही.

भंगारवाल्याकडे धावत गेलो, डबा केव्हाच पुढे गेला होता. ओळखीच्या सगळ्या दुकानांत विचारलं. कुणाकडेच ते तेल नाही.

म्हणून तुला लिहितोय. तू नोकरीला निघालीस तेव्हा बाबांनी तुला घडीचा चाकू दिला होता, आणि त्याच्यासाठी त्या तेलाची छोटी डबी. कपड्यांना वास लागेल म्हणून तू नाक मुरडलं होतंस आणि डबी पिशवीत पिशवी घालून बांधली होतीस. ती असेल तर पाठव. एका फडक्यापुरतं मिळालं तरी चालेल, खुर्चीच्या हाताला बांधून ठेवीन. चाकूला तू ते कधी लावलं नसशील, मला माहीत आहे. पण कधीमधी डबीचं झाकण उघडत असशील, तर सगळं पाठवू नकोस. अर्धं तुझ्याजवळ राहू दे.

तुझाच,
धांदल्या