वाद घालू नये

३ जून. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ट्रंक पलंगाखाली सरकवून लिहायला बसलो आहे. जेवून-राहून नोकरी मिळाली, खोली हवेशीर. बाईंचा मुलगा माझ्याच वयाचा. डोक्याला मार बसल्यापासून भ्रमिष्ट आहे. त्याला सांभाळायचं. माझ्यामागे कोणी नाही ना, हे बाईंनी दोनदा विचारलं. माया आहे.

६ जून. घरी येणाऱ्या सिस्टरनी इमर्जन्सीची तयारी शिकवली. औषधांची पिशवी दाराशी, ओळखीचं कार्ड गळ्यात, माणसाला चादरीत बांधून ओढत बाहेर न्यायचं. कार्ड माझ्याकडून लिहून घेतलं. म्हणाल्या, या अक्षरापुढे आमचे डॉक्टर लाजतील. एकही काना-मात्रा चुकू दिली नाही: ‘स्मृतिदोष. आपण या घरी कामाला आलो होतो, असे सांगतो. वाद घालू नये. हो म्हणावे.’

१३ जून. सराव झाला. रुग्णाच्या जागी मी. सिस्टरनी गाठी सैल बांधल्या, बाईंनी आवळल्या. नंतर मुलगा हळूच म्हणाला, मलाही असंच बांधलं होतं, मी इथे कामाला आलो होतो. मी कार्डाप्रमाणे हो म्हणालो.

२२ जून. दवाखाना. सिस्टर महिनाभर रजेवर आहेत, म्हणून परवा बाईंनी एकटीने सराव घेतला. मला व्हरांड्यात बांधलं, कार्ड अडकवलं आणि गॅस बघायला गेल्या. मग धूर. लोकांनी मला ओढून काढलं; सदऱ्यात खोचलेली ही वहीही वाचली. मुलाच्या खोलीची कडी बाहेरून लागलेलीच होती. माझा आवाज बसला आहे. इथे सगळे म्हणतात, कामाचा पोरगा गेला.

२४ जून. नर्सला वहीत लिहून दाखवलं, कामाचा पोरगा मीच. तिने कार्ड शेजारी धरलं. दोन्ही अक्षरं एकच, म्हणजे कार्ड तुझंच की रे, म्हणाली. मग हो म्हणाली.

२६ जून. बाई आल्या. सगळ्यांदेखत पोटाशी धरलं. कानात म्हणाल्या, तू तरी नीट राहा, मागच्याने सहा वर्षं हट्ट सोडला नाही.

२७ — नर्स प्रेमळ आहे. इमर्जन्सीनंतर असं होतंच, म्हणते. रोज तीन प्रश्न. नाव काय, वार कोणता, समोर कोण. चुकलं की इंजेक्शन. बरोबर आलं की घरी. घरी म्हणजे त्या —

२९ — आवाज थोडा फुटतो. डावा हात बाईंच्या हातात, उजव्याने लिहितोय. सुई भरून ठेवली आहे. नर्स नाव विचारते आहे. बाई म्हणतात, सांग ना राजा. माझं सांगितलं तर सुई, त्यांचं सांगितलं तर कडी — सकाळी क्षणभर आठवेना — विसरायच्या आत लिहून ठेवतो. माझं नाव