बोलत चालायची वाट

१८ नोव्हेंबर, सोमवार
वाट लागली! आरेतल्या पाड्यावरची बालवाडी माझ्याच गळ्यात पडली. बसस्टॉपपासून वीस मिनिटं झाडीतून, एकटीनं. तिथे पोरांचा खाऊ शिजवणारी राधा म्हणाली, "बाई, मुकाट नको येत जाऊ. मोठ्यानं बोलत ये. बिबट्याला कळलं माणूस येतंय, की तो आपणहून बाजूला होतो." एकटीनं बोलू काय? कपाळ!

१९ नोव्हेंबर
पाढे म्हणत गेले. सतराच्या पाढ्याला अडले. एक मुंगूस थांबून बघत होतं मेलं.

२६ नोव्हेंबर
पाढे संपले. आता सासूबाई. "कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला ठेवलंय का?" असं खणखणीत विचारलं. वरून माकडं टकामका बघत होती. घरी मी एवढं बोलतच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार
आज सासूबाईही संपल्या आणि तोंडातून बाळ निघालं. गेल्या डिसेंबरात नऊ महिने पुरे भरले, आणि मुलगी मेलेलीच जन्मली. घरी तिचा विषय काढायचा नाही. "विसर आता," म्हणतात. मी काढला की मुकुल टीव्हीचा आवाज वाढवतो. नवरा वाईट नाही माझा, पण त्याला ते नकोच असतं.

मनात तिचं नाव ठेवलंय — गंधाली. कोणाला सांगितलं नाही. आज मोठ्यानं म्हटलं, तीनदा. दगडावर घोरपड पसरली होती, हललीसुद्धा नाही. रडतच पोचले. राधानं काही न विचारता चहा दिला. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
दिसला! सकाळी, वळणावर, वीस पावलांवर. पोरांना आज काय शिकवणार ते मी गंधालीला सांगत होते. त्यानं मान वळवली, सावकाश उठला, झाडीत गेला. मी हात जोडले. माणसांनी वर्षभर ऐकून घेतलं नाही ते त्याच्या रानानं घेतलं. उपकारच की.

मुकुलला सांगायला नको होतं. पांढराफटक पडला. "उद्यापासून जायचं नाही. सोड ती नोकरी." सोडली तर तिचं नाव घ्यायचं कुठे? ते नाही बोलले. "आधी येऊन बघ," एवढंच म्हटलं.

२२ डिसेंबर, रविवार
मुकुल आला. गप्प चालायचं नाही, हे आधीच बजावलं. मग ऑफिसची रडगाणी झाली, क्रिकेट झालं. वळणाशी गप्प. "बोल ना रे," म्हटलं.

झाडीकडे बघत म्हणाला, "शकु एव्हाना चालायला लागली असती."

कोण शकु, विचारणार होते. मग कळलं. त्याचा हात घट्ट धरला. परत येईपर्यंत दोघं तिच्याबद्दलच बोलत होतो.

२३ डिसेंबर
मुकुलनं हाफ डे टाकला. शकु म्हणे! आजच्या पोरीचं नाव शकु? गंधालीच, मी ठणकावलं. पाड्यापर्यंत भांडलो, अगदी मोठमोठ्यानं.