आप्पांच्या काठीची पाटी

शिरूर, मंगळवार, संध्याकाळ

अतिक्रमणवाल्यांची गाडी येणार म्हणून सगळ्यांनी फुटपाथवरच्या पाट्या आत घेतल्या. मीही दुकानाची पत्र्याची पाटी आत ओढली.

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आप्पांना दिसत नाही. रोज त्या पाटीवर काठी वाजली की ते डावीकडं चहाला वळतात. आज काठी वाजलीच नाही, आप्पा सरळ रस्त्यात गेले. मागून एसटी. पळत जाऊन धरलं, तर माझ्यावरच ओरडले, "पाटी कुठं गेली रं तुझी?"

गाडी गेल्यावर पाटी परत बाहेर मांडली. शेजाऱ्याला सांगितलं, आप्पांसाठी. खरंच, का धंद्यासाठी? गेल्या महिन्यात त्याच पाटीत पाय अडकून एक बाई पडली, तेव्हा मी खुर्चीतून उठलोही नव्हतो.