देवाला बोललेली काळी

पोशीर,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

येसूबाय, तुझ्या धाकट्या जावेचा, इंदूचा, पाया पडून नमस्कार.

इकडे सगळी धड आहेत. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. नातू रांगायला लागला असं टेंपोवाला किशोर सांगत होता. त्याला दाराबाहेर सोडू नको, चौथ्या मजल्यावर राहता तुम्ही. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, तू नुसतं 'बरं, बरं' करतेस. मग तुझा कमलेश फोन मोठ्या आवाजात लावतो आणि माझं बोलणं अख्ख्या बिल्डिंगीला कळतं. हे कोणाला कळायला नको. म्हणून चौथीच्या शिक्षणावर पत्र लिहायला बसले. चुका काढत बसू नको.

तर तुझी काळी. खोपोलीला जाताना माझ्याकडे अर्धलीने ठेवून गेलीस ती. कोंबडी तुझी, सांभाळायची मी, पिलं दोघींची निम्मी निम्मी. जिवंत आहे, आधीच सांगते, नाहीतर पत्र अर्धं टाकून रडत बसशील.

संक्रांतीच्या आधी तिला मुंगसानं धरलं. भर दुपारी, पेंढ्याच्या उडवीमागे. मी आत भाकऱ्या करत होते. बाहेरून ओरडा आला, "इंदे!" मला वाटलं कोणी परका माणूस आला. भादव्यात अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तुझ्या भावजींच्या तोंडून माझं नाव आलं नव्हतं. हूं आणि अंहं, एवढंच. पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे.

धावत गेले ती हातातलं तापलेलं उलथणंच फेकलं. मुंगसानं कोंबडी सोडली, पण मेलं पळेना. बांधावर उभं राहून माझ्याकडे बघतंय, जसं काय मीच त्याचं चोरलं. दगड मारल्यावर गेलं.

काळीच्या पाठीची कातडी सोलून निघाली होती आणि पंखाखाली भोक पडलं होतं. शेजारची हर्षला कुडावरून वाकून म्हणाली, "काकी, अजून धुगधुगी हाय तोवर कापा न् रस्सा करा. फुकट कशाला घालवता?"

"तुला वास लागला वाटतं," म्हटलं. "जा, आपली डाळ शिजव."

खोटं कशाला बोलू, दुसरी कुठली कोंबडी असती तर केलाच असता रस्सा. पण ही तुझी. आणखी एक कारण होतं, ते पुढे येईल. घाई करू नको.

गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, माशा बसू देऊ नका आणि बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, त्या जखमेवरच चोची मारतात. तेवढं मलाही माहीत होतं, माणसंही तेच करतात. डालग्याखाली गोणपाट घालून तिला पडवीत ठेवली. पण धुवायची कशी? एकटीनं धरायचं आणि एकटीनंच धुवायचं, ते काय जमतंय? ती फडफडायची, रक्त यायचं, मी शिव्या द्यायचे. शेवटी वैतागून तिला तुझ्या भावजींच्या मांडीवर आदळली. "नुसते पडून ऱ्हाता, धरा हिला," म्हटलं.

त्यांनी डाव्या हातानं धरली. मी पाणी लावलं तशी ती उसळली, मांडीवरून घसरायला लागली, आणि येसूबाय, त्यांचा उजवा हात उठला. उठला म्हणजे काय, लाकडासारखा सरकला, पण बोटं पंखावर मिटली. व्यायाम शिकवायला येते ना अक्षदा, तिनं दाबायला रबराचा चेंडू दिला होता. तो यांनी डाव्या हातानं गोठ्यात फेकला होता. आणि आता त्याच मेलेल्या बोटांनी कोंबडी धरून मला म्हणतात कसे, "हळू गं. दुखतंय तिला."

शब्द बोबडे होते, पण मला कळले. मी म्हटलं, "माज्या कंबरंला दुखतं तवा नाय कधी बोललात." आणि आत जाऊन चुलीपुढे तोंड पुसलं. धुरानं डोळे चुरचुरत होते असं समज.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते धरायचे, मी धुवायचे, हळद आणि खोबरेल लावायचे. पेज चमच्यानं पाजली. सुरुवातीला ती मान टाकून पडलेली असायची. मग एक दिवस तिनं यांच्या तळहातावरच्या कण्या टिपल्या. उजव्या तळहातावरच्या. तो हात उघडा ठेवायला त्यांना घाम फुटत होता, तरी ठेवला. अक्षदानं बघितलं आणि म्हणाली, "काकी, चेंडू राहू दे आता." आता काळी अंगणभर फिरते. पाठीवर बारीक पिसं फुटली आहेत. तुझे भावजी काठी घेऊन तिच्यामागे उडवीपर्यंत जातात, मुंगूस बघायला. जेवतात. मला नावं ठेवतात. घर घरासारखं झालं आहे. देवाचे उपकार.

आता देवाचंच सांगते.

हे दवाखान्यात पडले होते तेव्हा मी शिवेवरच्या चेडोबाला बोलले, "यांचा हात हालू दे, जीभ हालू दे, तुला काळी कोंबडी देईन." तुला माहीत आहे, त्याला काळीच लागते. माझ्या सगळ्या तांबड्या. डोळ्यांसमोर जी आली ती बोलले. तू तेव्हा बाकावर माझ्या शेजारीच बसली होतीस, माझा हात धरून. मी तुझ्याच कोंबडीचा नवस केला आणि तुला कळलंसुद्धा नाही.

देवानं त्याचं काम केलं. आता माझं राहिलं.

मुंगसानं धरली तेव्हा मला वाटलं, देव आपलं आपण घेऊन चालला. मग मी ती हिसकून घेतली. बरी केली. भगत नागूतात्याला मुद्दाम विचारलं, अशी जखमी झालेली कोंबडी देवाला चालते का? तो घरी आला, काळीला चालताना बघितली आणि म्हणाला, "लंगडत नाय, आंधळी नाय. चालंल. पुनवेला आण." म्हणजे बघ, मेली असती तर सुटली असती. मी बरी केली म्हणून ती देवाच्या लायकीची झाली!

यांना नवसाचं सांगितलेलं नाही. कसं सांगू? ती गेली तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करील. आणि नाही दिली तर हात परत लाकूड होईल, ही भीती. दोन्ही बाजूंनी मीच भाजते. झोप नाही.

नागूतात्याला परत गाठलं. म्हटलं, कोंबडी माझी नाही, जावेची आहे. तो रागावला. "आधी सांगायचं नाय? मालकिणीनं हरकत घेतली तर परक्याची कोंबडी देवाला चालत नाय. मग तुज्या घरचा कोंबडा दे आणि चूक कबूल कर." माझा तांबडा तुरेवाला तयार आहे. तो द्यायला मला काही वाटत नाही, तसाही पहाटे डोकं उठवतो.

पण हरकत तू घ्यायला पाहिजे. तिथंच अडलं आहे. कारण तुझं मला माहीत आहे, तू वाचता वाचताच म्हणशील, 'दे गं इंदे, माझं काय न् तुझं काय.' लग्न होऊन आले तेव्हा माझ्या अंगावर धड लुगडं नव्हतं, तू ट्रंक उघडून म्हणालीस, हवं ते घे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं दुखणं काढलंस. दवाखान्यात डबा आणायचीस तो आपण उपाशी राहून, कमलेशनं मला नंतर सांगितलं. कधी बोलले नाही मी. आमच्याकडे तसं बोलायची रीत नाही, आणि माझं तोंड तर तुला माहीतच आहे. आज लिहिते. तू होतीस म्हणून मी उभी राहिले.

आता एवढं एकदा देऊ नको. पण खोटं म्हणू नको, देवाचं काम आहे. काळी तुला खरंच हवी असेल, पंखाखाली हात घालून तिला बघायची असेल, तरच हरकत घे. नसेल तर तसं कळव. मग मी पुनवेला तिला घेऊन जाईन आणि यांच्यापुढे काय बोलायचं ते माझं मी बघीन.

पत्र किशोरच्या हातीच देते आहे, परवा तो टेंपो घेऊन परत येईल. त्याच्याकडे चिठ्ठी दे. लांबण लावू नको. एका शब्दाची असली तरी चालेल.

जन्मात तू कोणाला नाही म्हणाली नाहीस, त्या तुझ्या पहिल्या 'नाही'ची वाट बघणारी,
तुझी जाऊ
इंदू