कापसाची बोटं

२ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून डाव्या हाताने रोजनिशी. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय, पण वाचणारा मीच. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसने नेली, त्याला दोन महिने झाले. चूक मशीनची नाही, माझीही नाही. डब्याचं झाकण वाकडं बसलं होतं, ते मी नीट करायला गेलो.
कंपनीने ऑनलाइन समुपदेशन लावून दिलंय. दर मंगळवारी मोबाइलवर एक बाई दिसतात. मी त्यांना आजच सांगून टाकलं की मला मनाचं काही झालेलं नाही, बोटांचं झालंय. त्या म्हणाल्या, बरं.
संकल्प : एक ऑक्टोबरला माझ्याच मशीनवर हजर.

५ सप्टेंबर, शुक्रवार
बस सोडली. दार उघडताना ती फुस्स करते, प्रेस खाली येण्याआधी करते अगदी तसंच. घाबरलो वगैरे नाही. चालणं तब्येतीला चांगलं. दवाखान्यात पायी जाऊन आलो. टाचेला फोड.

९ सप्टेंबर, मंगळवार
दुसरं सत्र. मोबाइल असा टेकवला की फक्त चेहरा दिसावा. बाईंनी विचारलं, हात बघू का? म्हटलं, इकडे नेटवर्क कमी आहे. त्या म्हणाल्या, चेहरा तर स्वच्छ दिसतोय.
अभ्यास दिलाय. फोरमनने माझ्या प्रेसचा व्हिडिओ पाठवलाय, तो रोज बघायचा, आवाज थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. पोरखेळ.

१० सप्टेंबर
बघितला. भीती शून्य. बाईंना तसा मेसेज. असा हुशार पेशंट त्यांच्या नशिबी पहिल्यांदाच आला असणार.

१३ सप्टेंबर, शनिवार, दुपार
भीती शून्य. मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, बाबा, आवाज बंदच आहे की. समजावलं, आधी चित्र पक्कं करायचं, मग आवाज. पोरांना पद्धत कळत नाही.
ती खेळायला गेल्यावर मोबाइल पालथा घातला, तरी खोलीत आवाज येतच राहिला. फुस्स. धाड. फुस्स. भिंतीला कान लावून बघितला. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली. उजव्या कानात गेलंच नाही काही. पण गेल्यासारखं वाटलं, नखासकट.

१७ सप्टेंबर, बुधवार
शेजाऱ्यांकडे शिडी मागायला गेलो. बेल वाजेना. बायकोला सांगितलं की त्यांची बेल बिघडलीय. तिने जाऊन दाबली, वाजली. मी ज्या बोटाने दाबत होतो ते नाहीच. तरी बटणाचा गारवा कळला होता मला.
हे बाईंना सांगायचं नाही. उगाच राईचा पर्वत करतील.

२३ सप्टेंबर, मंगळवार
परवा फोरमन माझ्या लॉकरमधलं सामान देऊन गेला. त्यात कामाचे हातमोजे. मला कल्पना सुचली. उजव्या मोज्याच्या दोन बोटांत कापूस ठासला आणि आज सत्रात हात ऐटीत वर केला. बाईंनी विचारलं, तिकडे थंडी आहे का? म्हटलं, फार. डोक्यावर पंखा गरगरत होता. बायकोने दारातून ऐकलं आणि मुकाट्याने पंखा बंद केला.
सत्र संपल्यावर म्हणाली, अहो, त्या बाईंना फसवून काय मिळणार आहे तुम्हाला? प्रश्न रास्त. विचारायचा स्वर बरा नव्हता. नंतर स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२४ सप्टेंबर
सकाळी मोजा टेबलावर होता. कापसाची बोटं वाकलेली. मी वाकवली नव्हती.
माझी खरी दोन बोटं त्या दिवशी कुठे टाकली, हे मला कोणीच सांगितलेलं नाही. विचारायला हवं. पण कोणाला?

३० सप्टेंबर, मंगळवार
बाईंना सांगितलं, उद्या कामावर जातोय. त्या म्हणाल्या, घाई नको, आधी नुसते जाऊन लांबून बघून या. मोबाइलवरून सांगायला काय जातंय! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी पूर्ण तयार आहे. फोरमनलाही तसं कळवलं. नव्या माणसाला माझ्या मशीनवर बसवायचं घाटत होतं, ते आता थांबेल.

१ ऑक्टोबर, बुधवार
कापसाचा मोजा घालून चालत गेलो. फोरमनने हात मिळवायला पुढे केला, मग तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. मशीनला नवी जाळी बसवलीय. मी माझ्या स्टुलावर बसलो. सगळं व्हिडिओतल्यासारखंच. हसून सगळ्यांकडे बघितलं सुद्धा. मग फोरमनने प्रेस चालू केली.
मधलं काही आठवत नाही. भानावर आलो तेव्हा संडासात कडी लावून फरशीवर बसलो होतो. बाहेरून फोरमन म्हणत होता, दार उघड रे बाबा, बंद केलंय मी सगळं.
बाईंना फोन लावला. आज मंगळवार नव्हता, तरी त्यांनी उचलला. मोजा दातांनी ओढून काढला आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला. मग रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, बाहेर फोरमन उभा असताना.
बाई हाताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हं, आता सुरुवात करू या.
मी विचारलं, मग एवढे दिवस काय चाललं होतं? म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्याशी ओळख.
फोरमनने घरी आणून सोडलं. बायकोने चहा दिला. कप धरवेना म्हणून तिनेच ओठांशी धरला.
आज अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलंय. हात थरथरतोय. डावा. त्याला तर काहीच झालेलं नाही.